उरण फाट्यावरची उभी गाडी

कासमभाईंकडे बंद गाडी ढकलत नेली की त्यांचा पहिला शब्द ठरलेला असे, "आधी उतरा." नमस्कार-चमत्कार नाही, काय झालंय याची विचारपूस नाही. गाडीतलं शेवटचं माणूस, मग ते पोर असो की म्हातारी, खाली उतरून बाकावर बसल्याशिवाय ते बॉनेटला हात लावत नसत. बंद गाडीत बसलेलं माणूस त्यांना बघवत नसे. मला वाटायचं, ही कारागिराची लहर. प्रत्येक चांगल्या कारागिराला एखादी असते आणि गिऱ्हाइकाने ती निमूट सोसायची असते. ती लहर नव्हती, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

हे सगळं नव्वदच्या दशकाच्या मध्यावरचं. आम्ही मूळचे फलटणकडचे. मी तळोज्याला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो आणि नेरूळच्या सीवूड्सकडच्या टोकाला नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला होता. तेव्हा तिथे निम्म्या इमारती अर्ध्याच उभ्या होत्या. वारा सुटला की खाडीच्या चिखलाचा वास थेट चौथ्या मजल्यापर्यंत यायचा. कंपनीची बस सकाळी उरण फाट्यावरून घ्यायची आणि संध्याकाळी तिथेच सोडायची. फाट्यापासून पन्नास पावलांवर कासमभाईंचं पत्र्याचं दुकान होतं. बॅटरी चार्जिंग, बॅटरी दुरुस्ती, एवढंच पाटीवर लिहिलेलं. नाव नाही की गाव नाही.

त्यांची-माझी गाठ पडली ती गणपतीमुळे. मी एक जुनी मारुती घेतली होती आणि सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, तिच्या डॅशबोर्डवर बोटभर गणपती बसवला होता. त्याच्या मखराला लाल-हिरवे बारके दिवे होते आणि त्याची वायर सिगरेट लायटरच्या भोकात खोचायची. आधीच्या मालकाने ते भोक थेट बॅटरीला जोडून ठेवलं होतं. त्यामुळे किल्ली काढून आम्ही झोपायला गेलो तरी बाप्पा खाली पार्किंगमध्ये लखलखत बसायचे. चार दिवस गाडी काढली नव्हती, आणि एका रविवारी सकाळी सहकुटुंब नटून खाली आलो तर गाडी हूं की चूं करेना. वॉचमन म्हणाला, कासमभाईंना बोलावतो.

ते सायकलच्या कॅरिअरला बॅटरी बांधून आले. उंच, सडसडीत, पांढरी कातरलेली दाढी, डोक्यावर विणलेली टोपी, आणि निळ्या शर्टाला अॅसिडने पाडलेली बारीक बारीक भोकं. गाडी रिकामी होती. तरी त्यांनी दार उघडण्याआधी काचेवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं आणि क्षणभर थांबले. मी हसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग आत वाकून त्यांनी गणपतीचा प्लग दोन्ही हातांनी हलकेच काढला आणि सुनंदाकडे दिला. म्हणाले, "भाभी, देवाला पन रात्रीची झोप लागते. गाडी बंद, तर हा पन बंद." नंतर मला म्हणाले, "साहेब, तुमी विजेतले ना?" मी विजेतला आहे हे वॉचमनने आधीच सांगून ठेवलं होतं. मला ते झोंबलं. मी त्यांना हिशेब सांगायला लागलो, की हे दिवे अगदी थोडा करंट घेतात, एवढ्याने काही होत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "हो, थोडाच पितो," ते म्हणाले. "पन पितच राहतो." आणि वायरी लावून त्यांनी गाडी चालू करून दिली.

मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हा माझा धंद्याने लागलेला स्वभाव. त्यामुळे मी कंपनीतून मीटर आणून खरंच मोजलं. त्यांचं बरोबर निघालं. हे सांगायला म्हणून एका संध्याकाळी बसमधून उतरून दुकानात गेलो, त्यांनी चहा मागवला, आणि मग तो रोजचाच शिरस्ता झाला. चहात ते तीन चमचे साखर घालायचे आणि मला एकच घालू द्यायचे. साहेब लोकांना बसून काम असतं, म्हणायचे. ते मूळचे म्हसळ्याकडचे. अठरा वर्षं कुवेतला मोटारींची वायरिंग केलेली, आणि तिथे लढाई पेटल्यावर एका बॅगेनिशी परत आलेले. एक मुलगी, रेहाना, तिकडेच म्हसळ्याला दिलेली. बायकोबद्दल ते बोलत नसत आणि मीही विचारत नसे. दुकानामागच्या खोलीत एकटेच राहायचे.

दुकानाच्या बाजूला भेंडीच्या झाडाखाली त्यांची फियाट उभी असायची. उभीच असायची, असं म्हणायला हवं. साय-रंगाची जुनी गाडी, चारही चाकं जमिनीत बसलेली, दाराच्या खालच्या कडेपर्यंत गवत. अशी गाडी भंगारवाल्याने कधीच उचलायची. पण तिची बॅटरी मात्र कायम ताजी. सकाळची नमाज झाली की कासमभाई बॉनेट उघडून चार्जिंगवरची भरलेली बॅटरी आत ठेवायचे आणि रिकामी झालेली बाहेर काढायचे. मग दुपारी पुन्हा आणि रात्री जेवायच्या आधी पुन्हा. जी गाडी एक इंच हलत नव्हती तिला हा माणूस दिवसातून तीनदा बॅटरी घालत होता.

आणि का, तर मागच्या सीटवर, ड्रायव्हरच्या पाठीशी, एक पांढुरकी पेटी ठेवलेली होती. कुवेतहून आणलेली, गाडीत लावायची थंड पेटी. आपल्याकडे तेव्हा ती कुणी पाहिलेली नव्हती. तिची वायर पुढे लायटरच्या भोकात गेलेली. काचेला कान लावला तर आतून बारीक घूं ऐकू यायचं. जगाच्या गाड्यांतले प्लग उपटून काढणाऱ्या कासमभाईंच्या स्वतःच्या गाडीतला प्लग वर्षानुवर्षं जागचा हलला नव्हता. मी एकदा चेष्टेने तसं म्हणालोही. ते म्हणाले, "त्यात औषध हाय," आणि दुसरं काहीतरी बोलायला लागले.

त्या गाडीची आणखी एक गोष्ट मला खटकायची. पुढच्या काचेची डावी बाजू आतून कायम धुरकट असायची. थंडीत बसमध्ये खिडकीशी बसलं की श्वासाने काचेवर वाफ धरते, तशी. खाडीची दमट हवा, आत थंड पेटी, बंद काचा. वाफ धरणारच, मी मनाशी म्हणायचो. पण मग सगळ्या काचेवर धरायला हवी. पेटी मागे, उजवीकडे. आणि वाफ पुढे, डावीकडे, साधारण बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. मी दोन-तीनदा कागदावर आकृती काढून पाहिली. उत्तर सापडलं नाही आणि मी तो नाद सोडून दिला.

मग करावे गावातल्या एका म्हातारीची गोष्ट घडली. गावातला एक तरुण कंत्राटदार होता. गळ्यात गोफ, हातात चपलेएवढा मोबाइल. मोबाइल तेव्हा नवलाचा होता, आणि त्याहून नवलाचा त्याचा गाडीतला चार्जर, जो तो अभिमानाने कायम लावून ठेवायचा. महिन्यात तिसऱ्यांदा त्याची गाडी मेली आणि फाट्यावरच्या पोरांनी ती ढकलत दुकानाशी आणली. मागच्या सीटवर त्याची म्हातारी आई होती, एक पाय प्लास्टरमध्ये, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कासमभाई नेहमीप्रमाणे म्हणाले, "माये, आधी उतर."

"मी नाय उतराची," म्हातारी म्हणाली. "माजा पाय मोरलाय."

लेकानेही समजावलं की दोन मिनिटांचं काम आहे, राहू दे तिला. कासमभाई वाद घालत बसले नाहीत. आत जाऊन स्वतःची लाकडी खुर्ची घेऊन आले, आणि मी, ते आणि तिचा लेक अशा तिघांनी मिळून म्हातारीला उचलून खुर्चीवर ठेवलं. ती शिव्या देत होती. गाडी चालू झाली, म्हातारीचा राग निवला, तिने पदराने तोंड पुसलं आणि झाडाखालच्या फियाटकडे मान वळवली.

"तिला कशी नाय उतरवत?" तिने विचारलं.

लेक म्हणाला, कुणाला गं? म्हातारी म्हणाली, "ती गारीत बसलीय ती. कदीची बसलीय, घामेजली बिचारी."

आम्ही हसलो. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू, समोर रिकामी गाडी, हसण्यासारखंच होतं. कासमभाई हसले नाहीत. ते मोरीशी जाऊन खूप वेळ हात धूत राहिले. मी घरी आलो आणि सुनंदाला ही गंमत म्हणून सांगायला लागलो, पण सांगता सांगता मलाच ती गंमत वाटेनाशी झाली. त्या दिवसापासून संध्याकाळी चहा पिताना मी फियाटकडे पाठ करून बसायला लागलो. मी भित्रा नाही. पण खरं सांगायचं तर पाठ केल्यावर जास्तच भीती वाटायची, आणि तोंड करून बसायचा धीर होत नव्हता.

औषध कसलं ते मला आमच्या सेक्टरमधल्या केमिस्टकडून कळलं. कासमभाई महिन्याला इन्सुलिनची एक बाटली नेत. तो सहज बोलून गेला, की भाई कधी सुया नेत नाहीत, नुसतीच बाटली नेतात. तीन चमचे साखर घालून चहा पिणाऱ्या माणसाला इन्सुलिन कशाला, हा प्रश्न मला पडला. तरी मी विचारलं नाही.

शेवटी त्यांनीच सांगितलं, आणि तेही गरज पडली म्हणून. रेहानाला मुलगा झाला होता. पाच वर्षांत ते एकदाही लेकीकडे गेले नव्हते, कारण पेटीची बॅटरी बदलायला माणूस नव्हता. आता तिने निरोप धाडला होता, की अब्बा, तुम्ही आल्याशिवाय नाव ठेवणार नाही. तीन दिवसांसाठी जायचं होतं. त्यांनी मला बाकावर बसवलं, चहा मागवला, आणि फियाटची किल्ली माझ्या आणि त्यांच्या मधे ठेवली.

ते म्हणाले, जैनबला, म्हणजे त्यांच्या बायकोला, कुवेतपासून साखरेचा आजार होता. तिकडे उन्हात गाडी भट्टीसारखी तापते, म्हणून तिचं औषध नेण्यासाठी ही पेटी घेतली होती. तिकडच्या गाड्या मोठ्या, बॅटऱ्या मोठ्या. पेटी दिवसभर लावून ठेवली तरी फरक पडायचा नाही. परत आल्यावर फियाट घेतली आणि त्याच सवयीने त्यांनी लायटरला चोवीस तास वीज येईल अशी वायर ओढली. पहिल्याच हिवाळ्यात उरणच्या पलीकडे एका लग्नाला दोघं गेले. सकाळी गाडी नारळीच्या वाडीत लावली, पेटी चालू ठेवली आणि मांडवात गेले. संध्याकाळी जैनबच्या छातीत दुखायला लागलं. तिला गाडीत, पुढे, डाव्या सीटवर बसवलं, आणि किल्ली फिरवली तर नुसता टक् असा आवाज. पेटीने दिवसभरात बॅटरी पिऊन टाकली होती. वाळूत रुतलेली गाडी ढकलून चालू होईना. लग्नाचे टेम्पो पाहुण्यांना सोडायला गेले होते.

"ती उतरायला बघत होती," कासमभाई म्हणाले. "बोलली, मी बाहेर बसते, आत घुसमटतंय. मी बोललो, उतरू नको. एका मिनिटात चालू व्हईल, तू उतरू नको. मी अठरा वर्सं हाच काम केला साहेब. मला वाटला व्हईल चालू. ती बसून राहिली. माझा शब्द तिने कधी मोडला नाय."

टेम्पो आला तोवर सगळं आटोपलं होतं. तिला उतरवलं ते चादरीत. हे त्यांनी रेहानाला कधी सांगितलं नव्हतं, कुणालाच नव्हतं. लोकांना एवढंच माहीत होतं की गाडी वेळेवर चालू झाली नाही.

मी म्हणालो, कासमभाई, ती आता नाही. ते शांतपणे म्हणाले, "मौत हक हाय, कुणाला चुकत नाय, मला काय म्हाईत नाय? मी पाच वक्ताचा नमाजी. पन पेटी बंद पडली म्हंजे तिचा औषध पुन्हा माझ्या हातून गेला. त्या दिवशी बॅटरीबरोबर पेटी पन बंद पडली. एकदा गेला तेवढा बस." ते एवढंच मागत होते. तीन दिवस पेटी बंद पडू द्यायची नाही, आणि डावं दार उघडायचं नाही. ते दार त्यांनीही पाच वर्षांत उघडलं नव्हतं.

त्याच रात्री मी केमिस्टला विचारलं. तो म्हणाला, आपल्याकडच्या हिवाळ्यात इन्सुलिन दिवसभर बाहेर राहिलं तरी काही होत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळली असती बाटली तरी चाललं असतं. म्हणजे त्या दिवशी पेटीची गरजच नव्हती. ही गोष्ट मी कासमभाईंना सांगितली नाही. सांगितली नाही याचं मला आजही बरं वाटतं.

त्यांनी मला दिवसातून तीनदा बॅटरी बदलायला सांगितलं होतं. दुपारी मी तळोज्याला. सुनंदाला ते वजन झेपणारं नव्हतं. मी रजा घ्यायला हवी होती. पण मी पडलो विजेतला. दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या की दुप्पट वेळ चालतात, मग सकाळ-संध्याकाळ दोनदाच बदलल्या की झालं. ते निघताना मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझा दंड धरला. म्हणाले, जुन्या बॅटऱ्या शेजारी शेजारी जोडू नका, कमजोर असते ती दुसरीला पिते. मी हो म्हटलं आणि ते एसटीत बसल्यावर दोन बॅटऱ्या जोडल्या.

पहिला दिवस छान गेला. संध्याकाळी बॅटऱ्या बदलल्या, पेटी घूं घूं करत होती, आत हात घातला तर गार लागली, आणि मी स्वतःवर खूश झालो. उजव्या बाजूने आत वाकलो असताना माझ्या लक्षात आलं की डाव्या सीटचं रेक्झिन दबलेलं आहे. जुन्या सीटा दबतातच. पण दार लावून मी मागे सरलो तेव्हा सीटमधून कुरकुर आवाज आला, भार सरकवल्यावर येतो तसा. मी बॉनेट पुन्हा तपासायचं सोडून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात एक पॅनेल जळालं. सुटी व्हायला सहा वाजले आणि फाट्यावर पोचायला सात. झाडाखाली गेलो तर आवाज नव्हता. काचेला कान लावला. काहीच नाही. बॉनेट उघडून मीटर लावला. दोन्ही बॅटऱ्या मेलेल्या. एकीचा एक कप्पा बसला होता आणि ती दुसरीला पिऊन गेली होती, अगदी त्यांनी सांगितलं होतं तसं. पेटी कोमट झाली होती. मी घाईघाईने नवी बॅटरी घातली. पेटी चालू झाली, पण माझा जीव ठिकाणावर येईना, कारण पुढची काच स्वच्छ होती. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्या काचेतून डावीकडची सीट नीट पाहिली. पेटी बंद पडली, हवा तापली, वाफ गेली. एवढं साधं शास्त्र. मी ते स्वतःला घरी पोचेपर्यंत सांगत राहिलो. रात्रभर पेटी चालली, तरी सकाळी मी साडेसहाला गेलो तेव्हाही काच तशीच स्वच्छ होती.

आणि कासमभाई फियाटशेजारी उभे होते. यायला अजून एक दिवस होता. रात्री म्हसळ्याहून निघालेला आंब्याचा ट्रक मिळाला, त्यातून आले होते. अंगावर लेकीने दिलेला नवा सदरा, डोळे सुजलेले. मी काही लपवलं नाही. बॅटऱ्या समांतर जोडल्या, तुमचं ऐकलं नाही, काल पेटी बंद पडली, चूक माझी, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. मला खरोखर रडू येत होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"चारच्या सुमाराला बंद पडली ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, मला माहीत नाही, मी सातला पाहिलं.

"चार वाजता," ते म्हणाले. "रेहाना बाळाला घेऊन आडवी झाली होती. तिला डोळा लागला होता. झोपेतच बोलली, अब्बा, अम्मा विचारते." त्यांनी फियाटच्या छपरावर हात ठेवला. "अम्मा विचारते, आता उतरू का?"

रस्त्यावर बस आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"पाच वर्सं," कासमभाई म्हणाले. "मला वाटला मी तिचा औषध सांभाळतो. ती माझ्या एका शब्दापायी बसून राहिली हितं. जावा साहेब, तुमची बस जाईल. तुमच्या हातून जे झाला ते चांगला झाला."

त्यांनी मला अक्षरशः ढकललं. मी पळत जाऊन बस पकडली आणि खिडकीशी बसलो. त्या सकाळनंतर ते मला कधी दिसले नाहीत. दुकान पंधरा दिवस बंद होतं, मग तिथे पंक्चरवाला आला. कासमभाई लेकीकडे कायमचे गेले एवढंच त्याच्याकडून समजलं. फियाट कोण घेऊन गेलं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मला तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं, मी नुसता बघत होतो. दोन जण यायचे होते म्हणून ड्रायव्हरने बस थांबवून ठेवली होती.

कासमभाईंनी उजवीकडून आत वाकून प्लग उपटला. मग गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी गेले. दार गंजून घट्ट बसलं होतं. दोन्ही हातांनी तीनदा ओढलं तेव्हा ते उघडलं. ते वाकले, काहीतरी बोलले, आणि उजवा हात पुढे करून उभे राहिले, सांधे दुखणाऱ्या माणसाला बुटक्या गाडीतून उतरताना आधार द्यावा तसे. बराच वेळ त्यांनी हात तसाच ठेवला. एकदा त्यांचा खांदा खाली गेला, हातावर भार आल्यासारखा. मग ते मागे सरले, उजव्या हातातलं डाव्या हातात घेतल्यासारखं केलं आणि उरणच्या रस्त्याला लागले. एरवी हा माणूस सायकलच्या वेगाने चालायचा. आता दहा पावलं टाकत होते आणि थांबत होते. डावा कोपर अंगापासून थोडा लांब होता.

पुढे पाइपलाइनसाठी रस्ता खणला होता आणि पाणी साचलं होतं. डावीकडे कडेला एका माणसापुरतीच कोरडी वाट होती. कासमभाई नव्या सदऱ्यानिशी घोटाभर पाण्यात उतरले आणि ती वाट त्यांनी मोकळी ठेवली. पलीकडे गेल्यावर थांबले, मान डावीकडे वळवून काहीतरी विचारलं, ऐकून घेतलं, आणि मग पुढे चालायला लागले.